जोत्याची ओल: आधी पाणी अडवा, मग गिलावा करा



पावसाळा सरला की नवी मुंबईतील तळमजल्यावरच्या घरांत एक काम दरवर्षी ठरलेले असते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंगाचे पोपडे सुटलेले असतात. बोट लावले की गिलावा पिठासारखा गळतो. पलंगामागच्या भिंतीवर पांढरी भुकटी दिसते आणि कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. मग गवंडी बोलावला जातो. तो सैल झालेला भाग पाडतो, त्यावर सिमेंट लावतो, पुट्टी फासतो. रंगारी येऊन हात फिरवून जातो. ईदला घर नव्यासारखे दिसते आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत तीच भिंत, त्याच उंचीवर, पुन्हा फुगते.

अनेक घरांत हा खर्च वर्षानुवर्षे चालू आहे. रिक्षा चालवून, दुकान सांभाळून किंवा आखातात राबून मिळवलेली कमाई अशी भिंतीत जिरते. त्यातच तळमजल्याची खोली बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांना दिलेली असते, कारण त्यांना जिना चढवत नाही. दादीजानचा खोकला आणि नातवाचा दमा याच खोलीत वाढतो. घरातील ओल आणि बुरशी यांचा दम्याशी व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावरच्या आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट नोंदवले आहे. तेव्हा हा केवळ घराच्या दिसण्याचा प्रश्न नाही.

या महिन्यात आम्हाला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. गिलावा पाणी थांबवत नाही. पाण्याची वाट बंद झाल्यावर भिंतीला पुन्हा धड करणे, एवढेच त्याचे काम. मागून पाणी चालूच असेल तर कितीही महागडे सिमेंट वापरा, ते टिकणार नाही.

आपली जमीन मुळात खारट

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमिनीवर नवे शहर उभे राहिले. या जमिनीचा खाडीकडचा मोठा भाग म्हणजे मिठागरे, खारजमीन आणि बांध घालून केलेली भातशेती. खाली खाडीचा मऊ चिखल, त्यावर मुरमाचा भराव आणि भरावावर घरे. काही भाग तर भरतीच्या पातळीपेक्षाही सखल आहे. म्हणूनच सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव बांधले. वाशी-बेलापूरकडे आपण ज्या तलावांच्या काठाने सकाळी फिरायला जातो, त्यातले काही हेच.

याचा घराशी संबंध असा की खाडीकाठच्या वसाहतींत जमिनीतले पाणी फार खोल नसते आणि त्यात मीठ असते. त्यावर आपला पाऊस. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडते. वाशी, सानपाडा, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, नेरूळ या भागांतल्या बैठ्या घरांना, रो-हाउसना आणि जुन्या इमारतींच्या तळमजल्यांना ओलीचा त्रास जास्त का, ते यावरून लक्षात येईल.

थंड देशांत बर्फ, आपल्याकडे मीठ

वीट, सिमेंटचा गिलावा आणि जांभा दगड या सगळ्यांत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. दिव्याची वात जसे तेल ओढते, तशी ही छिद्रे जमिनीतले पाणी वर ओढतात. पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही वर येतात. भिंतीच्या पृष्ठभागाशी आल्यावर पाणी हवेत उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ते छिद्रांच्या आत स्फटिक होऊन वाढतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. जुने लोक याला ‘भिंतीला लोणा लागला’ म्हणतात. पावसाळ्यात भिंत भिजते, ऑक्टोबरच्या उन्हात सुकते, पुन्हा भिजते, पुन्हा सुकते. प्रत्येक फेरीत स्फटिक थोडे वाढतात आणि गिलावा थोडा सुटतो. पोपडे भर पावसात कमी आणि पाऊस गेल्यावर जास्त का पडतात, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर हेच.

आपल्यापैकी काहींचे नातेवाईक कॅनडा-अमेरिकेत स्थायिक आहेत. तिथल्या थंड भागांत घराचा पाया जमीन गोठते त्या पातळीच्या खाली न्यावा लागतो. टोरंटोकडे ही खोली सुमारे चार फूट धरतात. त्यामुळे घराखाली तळघर येते आणि त्याची भिंत जमिनीच्या वर फूट-दोन फूट दिसते. त्या दिसणाऱ्या पट्ट्यावर सिमेंटचा पातळ गिलावा करतात, त्याला तिथे ‘पार्जिंग’ म्हणतात. तोही दर काही वर्षांनी सुटतो, पण कारण वेगळे. भिंतीत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि गिलाव्याला ढकलते. तिथे हे काम बर्फ करतो, आपल्याकडे मीठ करते. उपायाचा क्रम मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. तिथला जाणता कारागीरही आधी छपराचे पाणी भिंतीपासून लांब नेतो, अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार देतो आणि मगच गिलाव्याला हात घालतो.

ओल कुठून येते, ते आधी ओळखा

गवंडी बोलावण्याआधी घरच्यांनीच आठ-पंधरा दिवस भिंतीकडे नीट लक्ष द्यावे. ओल साधारण चार वाटांनी येते.

पहिली, जमिनीतून चढणारी. ती भिंतीच्या तळापासून सुरू होते आणि बहुधा कंबरेच्या वर जात नाही. तिची वरची कड आडवी, लांबवर पसरलेली दिसते आणि त्या कडेवर पांढरे क्षार असतात. उन्हाळ्यात ती कमी होते, पण पूर्ण जात नाही.

दुसरी, बाहेरून शिरणारी पावसाची ओल. ही पावसाच्या माऱ्याच्या बाजूला, खिडकीखाली, सज्जाच्या कडेला, भेगेजवळ दिसते. पाऊस थांबल्यावर काही आठवड्यांत सुकते.

तिसरी, नळाची किंवा सांडपाण्याची. न्हाणीघर, मोरी किंवा स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर बाराही महिने एकाच जागी डाग राहतो, मे महिन्यातही. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी फजरला उठल्यावर कोणी पाणी वापरण्याआधी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल तर मीटरनंतरच्या नळात गळती आहे. मीटर सामाईक असेल किंवा पाणी टाकीतून येत असेल, तर प्लंबरकडून नळ दाबाने तपासून घ्यावा.

चौथी, हवेतल्या बाष्पाची. बंद खोलीत, कपाटामागे, ओले कपडे घरात वाळवल्यावर भिंतीवर काळे ठिपके येतात. ही बुरशी असते, लोणा नव्हे. कपाट भिंतीपासून चार बोटे लांब ठेवणे, पंखा आणि खिडकी एवढा उपाय बहुधा पुरतो.

खात्री होत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली.

जोते बुडाले कसे?

जुन्या वसाहतींत आणखी एक कारण असते आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. घराचे जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट उंच असावे, असा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा नियम आहे. ओल अडवणारा थर, ज्याला बांधकामवाले डीपीसी म्हणतात, तो जोत्याच्या माथ्यावर असतो. घर बांधले तेव्हा हा थर अंगणाच्या बराच वर असतो.

पुढे वीस-तीस वर्षांत काय होते? रस्त्यावर डांबराचे थरांवर थर चढतात. सोसायटी आवारात कोबा करते, काही वर्षांनी त्याच कोब्यावर वाळू पसरून पेव्हर ब्लॉक बसवते. रो-हाउसवाले पुढच्या अंगणात भराव घालून फरशी करतात. जोते खाली जात नाही, अंगण वर येते. शेवटी बाहेरची फरशी घरातल्या फरशीच्या बरोबरीला येते आणि ओल अडवणारा थर मातीखाली गाडला जातो. आता जमिनीतले पाणी त्या थराला वळसा घालून सरळ भिंतीत शिरते. अशा घरात आतून कितीही वेळा गिलावा केला तरी फरक पडत नाही. बाहेर जाऊन टेप लावा आणि आतल्या फरशीपेक्षा बाहेरची जमीन किती खाली आहे ते मोजा. हे अंतर अर्ध्या फुटापेक्षाही कमी असेल तर पहिला खर्च बाहेर करायचा, आत नव्हे.

बाहेरची कामे अशी. भिंतीलगतचा भराव किंवा पेव्हर ब्लॉक काढून जमीन खाली घ्यावी. ते शक्य नसेल तर निदान भिंतीला लागून अरुंद गटार काढावे आणि त्याला निचऱ्याकडे उतार द्यावा. जोत्याभोवती दोन ते तीन फूट रुंदीचा सिमेंट काँक्रीटचा पट्टा असावा. त्याला भिंतीपासून बाहेर, दर तीन फुटांना साधारण पाऊण इंच इतका उतार हवा. पट्टा आणि भिंत यांच्यामधली फट डांबराने किंवा तिच्यासाठी मिळणाऱ्या लवचिक भरावाने बंद करावी. गच्चीच्या पाण्याचे पाइप भिंतीच्या पायथ्याशी सुटत असतील तर ते गटारापर्यंत न्यावेत. एसीचे थेंब, वॉशिंग मशीनची नळी, दाराशी वुजूसाठी लावलेल्या नळाचे पाणी, भिंतीला टेकवून ठेवलेल्या कुंड्या, या सगळ्यांचे पाणी त्याच पायथ्यात मुरते. यातल्या निम्म्या गोष्टी एका रविवारी, पैसे न खर्चता दुरुस्त होतात.

इथे गवंड्याला थांबवा

भिंतीत मधेच सिमेंटचा खांब असतो. त्या खांबावर उभी भेग गेली असेल, भेगेतून तांबूस पाणी ओघळले असेल, किंवा गिलाव्याबरोबर काँक्रीटचा तुकडा निघून आत गंजलेली सळई दिसत असेल, तर ते काम गिलाव्याचे नाही. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेते आणि काँक्रीट आतून फोडते. त्यावर गिलावा चढवला तर डाग झाकतो, गंज मात्र आत वाढतच राहतो. वाशीतल्या सिडकोकालीन इमारतींत छताचे प्लास्टर कोसळल्याच्या बातम्या आपण अनेक वर्षे वाचत आलो आहोत. अशा वेळी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरलाच बोलवावे.

दुसरा धोका विजेचा. आपल्याकडे प्लगचे बोर्ड भिंतीत खालच्या बाजूला असतात. ओल बोर्डापर्यंत चढली असेल, किंवा भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या खोलीचा एमसीबी बंद करून आधी वायरमन बोलवा. लहान मुले असलेल्या घरात यात एक दिवसही दिरंगाई नको.

गिलावा करायचा तो असा

पाण्याची वाट बंद झाली की भिंत उघडी करावी. ओलीची रेघ जिथे संपते तिच्या वर आणखी एक फूटभर गिलावा काढून टाकावा, कारण क्षार तिथपर्यंत चढलेले असतात. ठोकल्यावर पोकळ आवाज येणारा भागही काढावा. विटांमधल्या दरजा अर्धा इंच खोल खरवडाव्यात. पांढरे क्षार कोरड्या तारेच्या ब्रशने झाडून, भरून, घराबाहेर टाकावेत. पाण्याने धुऊ नयेत, नाहीतर ते विरघळून पुन्हा भिंतीत जातात.

यापुढची पायरी सर्वांत अवघड आहे, कारण ती वाट पाहण्याची आहे. उघडी भिंत सुकू द्यावी लागते. भिंतीच्या एक इंच जाडीला सुकायला साधारण एक महिना लागतो, असा जुना हिशेब आहे. पंखा, वारा आणि उन्हाने तो थोडा कमी होतो. म्हणजे चार-साडेचार इंची भिंतीलाही तीन-चार महिने हवेत. एवढे दिवस उघडी वीट दिसते, पाहुणे विचारतात, घरच्यांना संकोच वाटतो. पण आज भिंत पाडली, उद्या गिलावा आणि परवा पुट्टी, हा घाईचा बेतच दरवर्षीच्या खर्चाचे मूळ आहे. अधूनमधून भिंतीवर नवे क्षार आले की पुन्हा झाडून काढावेत.

भिंत सुकली की गिलाव्याच्या दिवशी ती पाण्याने हलकी ओलसर करावी, म्हणजे वीट गिलाव्यातले पाणी शोषून घेत नाही. विटेचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर टाचे मारून खडबडीत करावा. बाहेरच्या आणि जोत्याच्या गिलाव्याला एक भाग सिमेंट व चार भाग वाळू हे प्रमाण ठीक. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत, हा समज सोडावा. फार कडक गिलावा तडकतो आणि त्या तड्यांतूनच पाणी शिरते. वाळू आधी तपासावी. काचेच्या बाटलीत थोडी वाळू आणि पाणी घालून हलवा व दोन तास ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर वाळू धुऊन घ्यावी. खाडीची खारी वाळू तर आणूच नये, लोणा आपण विकत आणल्यासारखे होईल. कालवायला पिण्यायोग्य गोडे पाणीच वापरावे.

गिलावा दोन थरांत करावा. पहिला सुमारे १२ मिलिमीटर जाड. तो ओला असतानाच त्यावर आडव्या-तिडव्या रेघा ओढाव्यात. दुसऱ्या दिवशी ८ मिलिमीटरचा दुसरा थर. एकदम जाड थर मारला तर तो स्वतःच्या वजनाने सुटतो. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवावा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून वापरणारा गवंडी दिसला तर नम्रपणे पण ठामपणे थांबवावे. नंतर निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे, बाहेरच्या भिंतीला ऊन लागत असेल तर ओले गोणपाट लावावे. गवंडी काम संपवून जातो, पाणी मारणे घरच्यांनाच करावे लागते. बहुतेक गिलावे इथेच बिघडतात.

साहित्याचा अंदाज असावा म्हणून हिशेब देतो. दहा फूट लांब आणि तीन फूट उंच पट्टा म्हणजे तीस चौरस फूट. वरच्या जाडीने त्याला सुमारे अर्धी गोणी, म्हणजे २५ किलो सिमेंट आणि दोन-अडीच घनफूट वाळू लागते. यापेक्षा फार जास्त साहित्य सांगितले जात असेल तर कारण विचारावे.

आता करू नये अशा गोष्टी. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट नको, टाइल्स नकोत. दोन्हींमुळे पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही आणि ओल टाइल्सच्या वर, पूर्वी कोरड्या असलेल्या भागात चढते. भिंतीच्या खालच्या भागात पीओपी वापरू नये, ओल लागली की ते मऊ पडते. आतून लावायचे वॉटरप्रूफिंगचे रसायनही बाहेरचे पाणी बंद केल्याशिवाय टिकत नाही. रंग शक्य तो चुन्याचा किंवा भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देणारा असावा, आणि तोही गिलावा नीट सुकल्यावर.

गावच्या घराचे गणित वेगळे

रत्नागिरी-रायगडकडे आपली वडिलोपार्जित घरे आहेत, जांभ्याची, मातीत किंवा चुन्यात बांधलेली. पूर्वी किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत आणि बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळून वापरत. चुन्याचा गिलावा सिमेंटपेक्षा मऊ असतो, पण भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते, म्हणून ती घरे इतका पाऊस सोसत उभी राहिली. मुंबईहून पैसे पाठवून अशा भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा करून घेतला की दोन-तीन पावसाळ्यांत तो जांभ्याचा पापुद्रा घेऊनच सुटतो. तिथे एक भाग चुना आणि तीन भाग वाळू हा गिलावा करावा. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळत नसेल तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू घ्यावी. चुना हाताळताना डोळे आणि हात जपावेत, मुलांना जवळ येऊ देऊ नये.

खर्च कोणाचा?

सोसायटीच्या सभेत तळमजलेवाले एकटे पडतात. वरचे म्हणतात, ‘चाचा, ओल तुमच्या घरात, खर्च तुमचा.’ हे बरोबर नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमुळे होणारी गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. एखाद्या फ्लॅटच्या न्हाणीघरामुळे किंवा सिंकमुळे होणारी आतली गळती मात्र त्या त्या सभासदाच्या खर्चाची. आवाराची पातळी, जोत्याभोवतीचा पट्टा आणि पावसाचे पाइप या गोष्टी कोणा एकाच्या नसतात, त्या सर्वांच्या असतात. पाया तर वरच्या मजल्यांचाही तोच आहे.

यासाठी पैशाची तरतूदही उपविधींत आहे. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी जमा करायची असते. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांच्या वर गेली की तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचे असते. तळमजल्याच्या सभासदाने तोंडी तक्रार न करता फोटो आणि तारखांसह लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. आवारात नवे पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव येईल तेव्हा जुना थर काढूनच नवा बसवावा, अशी सूचना इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. हेवी डिपॉझिटवर राहणाऱ्या कुटुंबांनीही भिंतीचे फोटो राहायला जाताना काढून ठेवावेत आणि दुरुस्तीबद्दल घरमालकाला पावसाळ्याआधीच लेखी कळवावे. वाद वाढत असेल तर शेजारधर्म आठवावा. वरच्या मजल्यावरून उतरून एकदा ती भिंत पाहून आलात, तर सभेतली निम्मी भाषणे वाचतील.

वर्षाचे वेळापत्रक

हे सारे एकदम करायचे नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की भिंत तपासा, अंगणाची पातळी मोजा, पाण्याच्या वाटा बंद करा आणि सुटलेला गिलावा काढून टाका. नोव्हेंबर ते जानेवारी हे कोरड्या हवेचे महिने भिंत सुकवण्यासाठी ठेवा. फेब्रुवारीत गिलावा करा, त्याला पुरेसे पाणी मारा आणि सुकू द्या. सध्या काही वर्षे ईद-उल-फित्र फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येत आहे. गिलावा सुकला असेल तर ईदला चुन्याचा हात द्या. नसेल तर रंग ईदनंतर द्या, भिंत तशीच राहिली म्हणून ईद अडत नाही. मे महिन्यात गच्चीचे पाइप आणि भिंतीलगतचे गटार साफ करा. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा आणि पाणी कुठे साचते ते पाहून लिहून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरची पहिली नोंद तीच असेल, इन्शाअल्लाह.